सॉफ्टवेअरमध्ये सिनियर झाल्यावर मी दिवसभर नेमकं करते काय

बुधवार, रात्री उशिरा

आज एडिटर उघडला तो फक्त दुसऱ्याचा कोड वाचायला. सकाळी स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग), मग पेमेंट्सवाल्यांबरोबर लांबलेला कॉल, मग दोन डिझाइन डॉक वाचून त्यावर कमेंट्स, आणि दुपारनंतर एकच पीआर, म्हणजे दुसऱ्याने केलेला कोडमधला बदल तपासायचं काम. माझा स्वतःचा म्हणावा असा एकही कमिट, म्हणजे कोडमध्ये जमा केलेला बदल, नाही आणि तरी डोकं पार शिणलंय. नोकरीला लागले तेव्हा असा दिवस फुकट गेला असं म्हटलं असतं, आता तसं अजिबात वाटत नाही, आणि का वाटत नाही ते आज लिहून काढायचंय.

पीआर आमच्या टीममधल्या सगळ्यात नवीन पोराचा होता. लातूरचा आहे, हुशार, कोड स्वच्छ लिहितो. काम असं की दुकानदारांचे दिवसभराचे पैसे त्यांच्या खात्यात पाठवायचे, आणि बँकेकडून वेळेत उत्तर नाही आलं तर तीनदा परत ट्राय करायचं. टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. मी त्याला शेजारी बसवलं आणि विचारलं, टाइमआउट आला म्हणजे काय झालं रे? म्हणाला, "फेल झालं ना मॅम." फेल झालं हे आपल्याला सांगितलं कोणी? तिथे तो थांबला, आणि मग हळूहळू त्याचा त्यालाच उलगडा झाला की बँकेने पैसे पाठवलेलेही असतील, फक्त उत्तर आपल्यापर्यंत पोचलं नसेल, आणि आपण परत ट्राय केलं की त्याच दुकानदाराला दुसऱ्यांदा पैसे गेले. त्याच्या कोडमध्ये प्रत्येक रिट्रायला नवा आयडी तयार होत होता. आयडी पहिल्या वेळी एकदाच बनवायचा आणि परत पाठवतानाही तोच वापरायचा, म्हणजे पलीकडच्या सिस्टीमला कळतं की ही जुनीच रिक्वेस्ट आहे, आणि परत पाठवायच्या आधी स्टेटस विचारून घ्यायचं. आयडेम्पोटन्सी म्हणतात ती हीच, कॉलेजात व्याख्या सगळ्यांनी वाचलेली असते, पण पैशाला हात लावेपर्यंत ती अंगात मुरत नाही.

बदल तसा थोडाच, मी बसले असते तर चहा व्हायच्या आत झाला असता. पण त्यानेच करायला हवा होता, कारण करता करता त्याला पुढचे प्रश्न पडले. स्टेटस 'पेंडिंग'च येत राहिलं तर किती वेळ थांबायचं? दुकानदाराला ॲपमध्ये काय दिसणार? दुसऱ्या दिवशी बँकेच्या फाइलशी रेकॉन, म्हणजे हिशेबाची जुळवणी, करताना रक्कम जुळली नाही तर ते बघणार कोण? यातल्या एकाचंही उत्तर कोडमध्ये नाही. त्यासाठी फायनान्सवाल्यांना विचारावं लागतं, सपोर्टला रोज कसले फोन येतात ते ऐकावं लागतं. मी त्याला रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रकही वाचायला दिलं, यूपीआयने एकाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे खात्यातून कट झाले पण पोचले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आपले पैसे जातात तो मार्ग वेगळा आहे, पण 'पेंडिंग'च्या पलीकडे कोणीतरी माणूस पैशांची वाट बघत बसलेला असतो हे त्यातून कळतं.

नाइट कॅपिटलची गोष्टही मी टीममध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. १ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतली शेअर ट्रेडिंग कंपनी. नवा कोड ८ सर्व्हरवर टाकायचा होता, एकावर टाकायचा राहिला. त्या एकावर कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड तसाच पडून होता, आणि नव्या कामासाठी नेमका त्याचाच जुना फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करायची खूण) वापरलेला, त्यामुळे तिथे तो जुना कोडच चालू झाला. साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान. बाजार उघडायच्या आधी सिस्टीमने ९७ ईमेल पाठवले होते, कोणी त्याकडे अलर्ट म्हणून बघितलंच नाही. नवा कोड कसा लिहिला होता हा इथे मुद्दाच नाही. मेलेला कोड काढला का नाही, डिप्लॉय झाल्यावर, म्हणजे कोड सर्व्हरवर टाकून झाल्यावर, दुसऱ्या कोणी बघितलं का नाही, ईमेल नक्की कोणाला जातात, थांबवायचं ठरलं तर थांबवायचं कसं? माझ्या दिवसातला बराच वेळ हल्ली असल्या प्रश्नांत जातो आणि ते मला मनापासून आवडतं.

घरी हे समजावणं अवघड आहे. काकू दर दिवाळीला विचारते, "हाताखाली किती माणसं आहेत गं?" तिची काही चूक नाही, आपल्याकडे आयटीत बरीच वर्षं झाली की मॅनेजर व्हायचं हीच वाट सगळ्यांनी बघितलेली, सर्व्हिस कंपन्यांत तर अजूनही बऱ्याच ठिकाणी पगार वाढवायचा तर माणसं सांभाळा असंच असतं. स्टाफ इंजिनियर, प्रिन्सिपल इंजिनियर ही माणसं न सांभाळता वर जायची वेगळी शिडी आता बऱ्याच ठिकाणी आलीय. माझ्या हाताखाली कोणीही नाही, आणि तरी तीन टीमच्या लोकांना एका निर्णयावर आणणं हे माझं काम आहे, तेही ऑर्डर न सोडता. म्हणून तर एवढं लिहावं लागतं. कोड कमी, मराठी-इंग्रजीतलं समजावून सांगणं जास्त.

कोड लिहायची हौस मात्र गेलेली नाही आणि जाऊही नये असं माझं ठाम मत आहे. जो ऑन-कॉल (सिस्टीम बिघडली तर कधीही उठून बघायची पाळी) घेत नाही, ज्याला रात्री अडीचला लॉग, म्हणजे सिस्टीमच्या नोंदी, चाळावे लागत नाहीत, त्याचे डिझाइनबद्दलचे सल्ले हळूहळू हवेत जायला लागतात, हे मी जवळून बघितलंय. म्हणून मी माझी ऑन-कॉलची पाळी सोडलेली नाही, छोटे छोटे बग पण मुद्दाम घेते.

उद्या अकराला फायनान्सचा कॉल आहे. पेंडिंगचं सगळं तो लातूरचा पोरगाच मांडणार, मी नुसती ऐकायला बसणार. बँकेची फाइल सकाळी नक्की किती वाजता येते तेवढं विचारून घ्यायचंय, नाहीतर रेकॉनची वेळ ठरवता येणार नाही.