लपवलेला रकाना

एका प्रकल्पाचे अंदाजपत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे आले होते आणि त्यासाठी लेखा विभागाने एक्सेलची एक फाइल पाठवली होती. कोणाचे किती दिवस लागतील एवढेच मी भरायचे आणि खर्चाचा आकडा आपोआप खाली उमटायचा, अशी तिची रचना होती. एका ठिकाणी बेरीज जुळेना, म्हणून सूत्र आकडा नेमका कुठून उचलते ते पाहायला गेले, तेव्हा डी या रकान्यानंतर एकदम जी हा रकाना येतो हे ध्यानात आले. मधले दोन रकाने लपवलेले होते. ते उघडले, तर त्यात प्रत्येकाच्या नावासमोर त्याचा दिवसाचा दर होता. माझे आणि शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याचे नाव एकाखाली एक होते; पदनाम एकच, श्रेणी एकच, आणि त्याचा दर माझ्यापेक्षा १६ टक्क्यांनी जास्त होता. तो माझ्यानंतर सात महिन्यांनी रुजू झाला होता आणि पहिले काही आठवडे मीच त्याला काम शिकवले होते.

मी रकाने होते तसे मिटवले, बेरीज दुरुस्त केली आणि अंदाजपत्रक वेळेत पाठवून दिले. माझ्या स्वस्तपणाचा त्या अंदाजपत्रकाला फायदाच झाला, हेही इथे नोंदवून ठेवते.

पुढचे काही दिवस मी स्वतःचेच दोष शोधण्यात घालवले. आपण बैठकांमध्ये कमी बोलतो का, एखादे मोठे काम आपल्या हातून बिघडले होते का, त्याच्याकडे आपल्याकडे नसलेले काही प्रमाणपत्र आहे का, अशी उजळणी मनात चालू होती. आज त्याकडे पाहताना वाटते की पगारातील फरक टिकून राहण्यास या सवयीचा मोठा हातभार लागत असावा. कारण जिला कमी मिळते तीच आधी त्या कमीपणाची कारणे पुरवू लागते आणि मग व्यवस्थापनाला फारसे काही सांगावेच लागत नाही.

शेवटी मी सरळ त्या सहकाऱ्यालाच विचारले. तो क्षणभर गडबडला आणि म्हणाला, "अगं, मला तर वाटत होतं की तुला माझ्यापेक्षा जास्तच असेल." दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून नेमणुकीचे पत्र आणि वेतनवाढीची पत्रे आणून दाखवली. आम्ही दोघांनी ती माझ्या पत्रांशेजारी ठेवली आणि १६ टक्क्यांचा हिशेब अर्ध्या तासात उलगडला. नेमणुकीच्या वेळी दोघांनाही आधीच्या नोकरीतील पगार विचारला होता आणि दोघांनाही त्यावर सारख्याच टक्क्यांनी वाढवून पगार दिला होता. त्याचा जुना पगार माझ्या जुन्या पगारापेक्षा १२ टक्क्यांनी जास्त होता, म्हणून नवाही तेवढाच जास्त ठरला. उरलेला फरक एकाच वर्षाचा होता. त्या वर्षी मी बाळंतपणाच्या रजेवरून परत आले होते, मूल्यमापनाच्या काळात माझे पाचच महिन्यांचे काम मोजले गेले, शेरा 'मध्यम' मिळाला आणि वाढ त्याला ९ टक्के तर मला ५ टक्के झाली. बाकी सर्व वर्षांत आमची टक्केवारी अगदी सारखी होती.

म्हणजे मला कमी पगार द्यावा असे कोणी बसून ठरवलेच नव्हते. ही गोष्ट मला अधिक अस्वस्थ करून गेली, कारण ठरवणारा माणूस असता तर त्याच्याशी भांडता तरी आले असते. इथे प्रत्येक पायरी निर्दोष दिसत होती, आणि दर वर्षी समान टक्क्यांची वाढ देऊन सर्वांना न्याय दिल्याचे समाधानही मिळत होते. पण टक्केवारी हीच यातली खरी गोम आहे. सुरुवातीला एकाला १०० आणि दुसऱ्याला ११२ मिळत असतील आणि दोघांनाही दर वर्षी ८ टक्केच वाढ मिळत गेली, तर दहा वर्षांनी पहिल्याचे सुमारे २१६ होतात आणि दुसऱ्याचे सुमारे २४२. बाराचा फरक सव्वीसवर जातो, आणि या दहा वर्षांत कोणीही कोणावर अन्याय केल्याचे एकही कागदपत्र तयार होत नाही. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, पुढच्या नोकरीतील पगार हे सारे याच आकड्यावर उभे राहते, ते वेगळेच.

लिली लेडबेटर यांचे प्रकरण मी पूर्वीही वाचले होते, पण ते मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळले. अमेरिकेतील अलाबामा राज्यात एका टायरच्या कारखान्यात त्या १९७९ पासून १९९८ पर्यंत काम करत होत्या आणि सेवेच्या अखेरीस कोणीतरी निनावी ठेवलेल्या चिठ्ठीमुळे त्यांना सहकाऱ्यांचे पगार कळले. त्यांना महिन्याला ३,७२७ डॉलर मिळत होते, तर त्याच पदावरील पुरुषांपैकी सर्वांत कमी पगार ४,२८६ आणि सर्वांत जास्त ५,२३६ डॉलर होता. २००७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने त्यांचा दावा फेटाळला. पगार ठरवण्याचा भेदभावपूर्ण निर्णय झाल्यापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती, असे बहुमताचे म्हणणे होते. जो निर्णय तिला माहीतच नव्हता त्याविरुद्ध तिने मुदतीत तक्रार कशी करायची, हा प्रश्न न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्या असहमतीच्या मुळाशी होता. जानेवारी २००९ मध्ये लेडबेटर यांच्याच नावाने कायदा झाला आणि भेदभावाने ठरलेल्या पगाराचा प्रत्येक हप्ता तक्रारीसाठी नवी सुरुवात मानला जाऊ लागला. स्वतः लेडबेटर यांना मात्र भरपाईचा एक डॉलरही मिळाला नाही. तक्रारीच्या मुदती देशागणिक वेगळ्या असतात, पण त्या असतातच. म्हणून फरक कळल्यावर 'योग्य वेळ' येण्याची वाट पाहत वर्ष घालवू नये, एवढे तरी त्यांच्या अनुभवावरून घ्यावे.

जुना पगार विचारण्याची प्रथा वरवर निरुपद्रवी वाटते, पण जुन्या कचेरीतील अन्याय नव्या कचेरीत वाहून आणण्याचे काम तीच करते. म्हणूनच अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ मध्ये कायदा करून उमेदवाराला आधीचा पगार विचारण्यास मनाई केली आणि २०१८ पासून ती लागू झाली. युरोपीय महासंघाच्या २०२३ च्या वेतन-पारदर्शकता निर्देशातही हीच मनाई आहे. शिवाय पगाराची बोलणी होण्यापूर्वी सुरुवातीचा पगार किंवा वेतनश्रेणी उमेदवाराला कळवणे आणि कर्मचाऱ्यांना आपला पगार एकमेकांना सांगण्यापासून न रोखणे या गोष्टीही त्यात आहेत. जिथे असा कायदा नाही, तिथेही अर्जातील जुन्या पगाराच्या रकान्यात आकडा न लिहिता 'या पदासाठी ठरलेल्या वेतनश्रेणीनुसार' असे लिहिता येते आणि ती श्रेणी कोणती हे विचारता येते. नोकरी हवी असताना हे लिहिणे सोपे नसते, हे मला ठाऊक आहे. मी स्वतः तेव्हा निमूटपणे आकडा लिहिला होता.

माझे प्रकरण तुलनेने सोपे होते, कारण पदनाम एकच होते. बहुतेक ठिकाणी फरक पदनामातच दडवलेला असतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५१ मध्ये समान वेतनाचा करार क्रमांक १०० संमत केला तेव्हा त्यात 'समान मूल्याचे काम' असे शब्द योजले गेले, आणि ते विचारपूर्वक योजलेले होते. १९६८ मध्ये इंग्लंडमधील डॅगनम येथील फोर्डच्या कारखान्यात गाड्यांच्या आसनांची आवरणे शिवणाऱ्या स्त्रियांनी संप केला, तो मुळात त्यांचे काम खालच्या श्रेणीत टाकल्याबद्दल होता. त्या संपाने ब्रिटनमध्ये १९७० च्या समान वेतन कायद्याची वाट मोकळी केली. पण आमचे काम कुशल आहे ही त्या स्त्रियांची मूळ मागणी मान्य होण्यासाठी १९८४ साल उजाडावे लागले आणि पुन्हा एकदा संप करावा लागला. भारतात ऑड्री डिकॉस्टा यांच्या खटल्यात जहाजवाहतूक क्षेत्रातील एका कंपनीने आपल्या स्त्री लघुलेखिकांना 'गोपनीय लघुलेखिका' असे वेगळे नाव दिलेले होते आणि पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार दिला जात होता. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नावापलीकडे जाऊन प्रत्यक्ष काम पाहिले आणि समान वेतन देणे कंपनीला परवडते की नाही यावर कायद्याचे पालन अवलंबून नसते, हेही स्पष्ट केले. तेव्हा आपले पदनाम वेगळे आहे म्हणून तुलना सोडून देण्यापूर्वी दोन्ही पदांवरची माणसे दिवसभर करतात काय, कोणाच्या सहीवर काय अवलंबून असते, चूक झाली तर जाब कोणाला द्यावा लागतो, हे कागदावर मांडून पाहावे.

मी जे टिपण तयार केले ते दोन पानांचे होते. लपवलेल्या रकान्यांचा मी त्यात उल्लेख केला नाही आणि त्या फाइलची प्रतही ठेवली नाही. गोपनीय माहितीचा गैरवापर असा विषय निघाला असता तर पगाराचा मुद्दा बाजूलाच राहिला असता. सहकाऱ्याने स्वतःहून दिलेल्या माहितीवर मी भिस्त ठेवली आणि त्याच्या परवानगीनेच ती वापरली. नाव लिहू नकोस, असे तो म्हणाला. मी लिहिले नाही, पण एचआरला ते ओळखायला एक मिनिटही लागले नसेल. टिपणात दोघांच्या जबाबदाऱ्या, नेमणुकीच्या तारखा, दर वर्षीचे शेरे आणि फरक ज्या दोन ठिकाणी निर्माण झाला ती दोन ठिकाणे एवढेच होते. मुले, घरखर्च, किती वर्षे इमानेइतबारे काम केले, यातले काही मी घातले नाही. ते खरे नव्हते असे नाही. पण ते घातले की मागणीची विनवणी होते.

मागायचे कसे यावर बरेच सल्ले दिले जातात आणि त्यांतील बहुतेकांचा सूर 'स्त्रिया मागतच नाहीत' असा असतो. हा सूर मला पटत नाही. हॅना रायली बोल्स आणि लिंडा बॅबकॉक या अमेरिकी संशोधकांनी सहकाऱ्यांसह २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले होते की पगारासाठी वाटाघाट सुरू करणाऱ्या स्त्रीबरोबर काम करण्याची मूल्यमापन करणाऱ्या पुरुषांची इच्छा जितकी घटली, तितकी तसेच करणाऱ्या पुरुषाच्या बाबतीत घटली नाही. म्हणजे न मागण्यामागे भिडस्तपणाइतकाच व्यवहारी अंदाजही असतो. त्यामुळे मी 'वाढ' हा शब्दच टाळायचे ठरवले. वाढ म्हटले की आपण काहीतरी जादा मागतो आहोत असे होते आणि मग आपण त्यास पात्र आहोत की नाही यावर चर्चा सुरू होते. माझी मागणी दुरुस्तीची होती: मूळ आकडा चुकीच्या पायावर ठरला आहे, तो सुधारावा आणि रजेच्या वर्षाचे मूल्यमापन केलेल्या कामाच्या प्रमाणात पुन्हा करावे.

बैठक वीस मिनिटे चालली. "तुम्ही तेव्हाच जास्त मागायला हवं होतं, मॅडम," हे वाक्य अपेक्षेप्रमाणे आले. मी विचारले की तेव्हा वेतनश्रेणी मला कोणी सांगितली होती का, आणि त्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग बाजारभाव, अंदाजपत्रकाची मर्यादा आणि 'असे सगळेच मागू लागले तर' हे तीन मुद्दे ओळीने आले. तिसऱ्या मुद्द्याने मला सर्वांत जास्त माहिती दिली, कारण सगळे म्हणजे कोण आणि किती, याचा हिशेब त्यांच्याकडे आहे हे त्यातून उघड झाले. बाहेर आल्यावर मी काय बोलणे झाले याचा सारांश त्याच दिवशी ईमेलने पाठवला आणि उत्तराची तारीख विचारली.

अकरा आठवड्यांनी पत्र आले. माझा पगार सहकाऱ्याच्या पगाराच्या जवळपास आणला होता, २ टक्क्यांचा फरक शिल्लक ठेवून. थकबाकीचा उल्लेख नव्हता. पत्राचा विषय होता 'उल्लेखनीय कामगिरीबद्दल विशेष वेतनवाढ'. मी ते वाचले, शब्द खटकला, पण आकडा पाहून सही केली आणि घरी गेले.

पुढच्या वर्षीच्या मूल्यमापनात माझा शेरा 'उत्तम' होता आणि वाढ विभागात सर्वांत कमी होती. कारण विचारले तेव्हा साहेबांनी फाइल उघडून गेल्या वर्षीचे पत्र माझ्यासमोर ठेवले आणि त्यातील 'विशेष' या शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "तुम्हाला नुकतंच तर मिळालंय." त्या दिवशी मी दुसरे टिपण लिहायला घेतले. त्यात आकड्यांची एकच ओळ आहे. बाकी सारे त्या पत्राच्या विषयाची ओळ बदलून तिथे 'वेतन दुरुस्ती' लिहून मिळावे याबद्दल आहे. उत्तर अजून आलेले नाही. दरम्यान त्या सहकाऱ्याने स्वतःच्या नावानिशी एक ईमेल माझ्या टिपणाला जोडून पाठवला आहे.