वेंगुर्ल्याची डच वखार बघायला जाताना

वेंगुर्ल्याच्या बाजारात कुणालाही डच वखार विचारली की वाट लगेच दाखवतात. पोचल्यावर मात्र बऱ्याच जणांचा विरस होतो. समोर असतात छप्पर गेलेल्या जांभ्याच्या भिंती, त्यांच्या अंगावर वाढलेली झाडं आणि आत गवत. चार फोटो काढून माणसं सागरेश्वरच्या किनाऱ्याकडे वळतात. आम्हाला ही घाई पटत नाही. ही इमारत आणि पाऊस यांचं नातं एकदा कळलं की त्या भिंतींपाशी तास-दोन तास सहज जातात.

पश्चिम किनाऱ्यावर मे अखेरीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. शिडाच्या जहाजाला नैर्ऋत्येचा वारा सरळ किनाऱ्यावर ढकलतो, शिवाय इथे समोरच्या पाण्यात वेंगुर्ला रॉक्सचे खडक. मिरी हाताशी येते डिसेंबर ते मार्च. ती वाळवायची, घाटावरचा माल रामघाटातून खाली आणायचा, तोलायचा, भरायचा आणि पाऊस लागायच्या आत जहाज सुटायला हवं. जे सुटलं नाही ते पुढच्या हंगामापर्यंत इथेच. त्या अडकलेल्या मालासाठी वखार लागते.

डच ईस्ट इंडिया कंपनीने इथे 1637 मध्ये वखार घातली. मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीचा. कारण नुसतं मसाल्याचं नव्हतं. डच आरमार त्या वर्षांत दर हंगामाला गोव्याची नाकेबंदी करत होतं आणि पोर्तुगिजांच्या उत्तरेला इतक्या जवळ गोडं पाणी, तांदूळ आणि बातमी मिळेल असं बंदर त्यांना हवं होतं. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने वेंगुर्ल्याच्या पाण्याची आणि तांदळाची तारीफ केली आहे, वेलचीचीही. वेलची किनाऱ्यावर पिकत नाही, ती डोंगरातली. म्हणजे इथलं नाव झालं ते बंदर म्हणून. 1663 मध्ये डचांनी कोचीन घेतलं, मलबारची मिरीच हातात आली आणि वेंगुर्ल्याचं महत्त्व ओसरत गेलं. 1812 मध्ये सावंतवाडीकडून गाव इंग्रजांकडे गेलं.

आज वखार म्हटलं की लाकडाची नाहीतर कोळशाची आठवते. त्या काळच्या कंपनीच्या वखारीत कोठारासोबत हिशेबाची जागा, साहेबांचा मुक्काम आणि संरक्षणाची सोय असं सगळं असे. म्हणून वेंगुर्ल्याच्या भिंती साध्या गोदामाला लागतील त्याहून जाड आहेत.

भिंतीजवळ जाऊन हात लावून बघा. जांभा खाणीतून काढला तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. म्हणून चिरे कापणं सोपं. पण तो सच्छिद्र. पाणी पितो आणि जमिनीतली ओल वर ओढतो. मसाल्याच्या कोठारात पोतं भिंतीला टेकवत नाहीत ते यासाठीच. भिंतीपासून हात-दीड हात मोकळी जागा, खाली लाकडी फळ्या, थप्पी फार उंच नाही. वरच्या मजल्याला जमिनीची ओल पोचत नाही, म्हणून नाजूक माल वर, जाडाभरडा खाली. भिंतीत एका उंचीवर ओळीने चौकोनी खोबण्या दिसल्या तर तिथे तुळयांची टोकं बसत होती असं समजा. माडी किती उंचीवर होती ते त्यावरून कळतं. उघड्या झरोक्यातून पावसाळ्यात वाराही आत येतो आणि दमटपणाही, तेव्हा झडपा कधी उघडायच्या आणि कधी लावायच्या हे वखारवाल्याला रोज ठरवावं लागतं.

मिरी नीट वाळली तर ओल 11-12 टक्क्यांच्या आत येते. 100 किलो ओल्या मिरीची सुमारे 33 किलो कोरडी होते. घोसातला एखाद-दुसरा दाणा पिवळा-तांबडा झाला की काढणी. त्याआधी काढली तर दाणा पोचट आणि सुरकुत्या जास्त. दाणे उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढले की रंग एकसारखा काळा येतो आणि वाळायला दिवस कमी लागतात. पुढे कोकणातला जुलै आडवा येतो. हवा इतकी दमट की वाळलेला दाणा पुन्हा ओल धरतो. आधी पोत्याच्या मधोमध ऊब जाणवते, मग राखाडी बुरशी आणि कुबट वास. तो वास नंतर कितीही ऊन दिलं तरी पुरता जात नाही. वेलचीचं दुखणं वेगळं: उजेडात हिरवा रंग उडतो, आणि बोंड फुटलं की सुगंध जातो. तिला काळोखी, कोरडी जागा लागते.

इमारतीचा घात पण पाण्यानेच केला आहे. छप्पर गेलं की पाऊस भिंतीच्या माथ्यावरून गाभ्यात उतरतो, सांध्यातला चुना धुऊन नेतो. त्या फटीत पक्ष्यांच्या विष्ठेतून वड-पिंपळाचं बी पडतं, मूळ आत जाऊन जाड होतं आणि चिरे बाजूला सरकतात. नुसतं खोड तोडून भागत नाही. मूळ पुन्हा फुटतं, आणि उपटायला गेलं तर भिंतच सुटते. दुरुस्ती सिमेंटने करणं तर आणखी वाईट. जांभ्यातली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि चिरा आतून भुगा होतो. तिथे चुनाच हवा. असा ठेवा कोकणात फार उरलेला नाही, म्हणून हे तळमळीने लिहितो आहोत.

जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी. कोकण रेल्वेने कुडाळ किंवा सावंतवाडी रोड. दोन्हीकडून अंतर 25 ते 30 किलोमीटर, पुढे एसटी किंवा रिक्षा. बंद बूट घाला, गवतात काठी आपटत चाला, भिंतीवर अजिबात चढू नका. पावसाळ्यात शेवाळलेला जांभा साबणासारखा निसरडा असतो. नंतर बंदरावर जरूर जा. दीपगृहाच्या टेकडीखाली उभं राहिलं की मोठं जहाज बाहेर नांगरून होडीने माल का न्यावा लागे ते कळतं.

बाजारात मिरी घ्यायची असेल तर लिटरचं माप भरून तोला. चांगली मिरी 500 ते 550 ग्रॅम भरते. मूठभर पाण्यात टाका: भरीव दाणे तळाशी जातात, पोचट तरंगतात आणि पपईच्या बिया मिसळल्या असतील तर त्याही वर येतात. घरी आणल्यावर एक दिवस ऊन दाखवून, पूर्ण गार झाल्यावरच बरणीत भरा. गरम भरली तर झाकणाला आतून घाम येतो.