तुम्ही विचारलंत म्हणून : गोल्फ खेळून कंबर का दुखावी?

"मॅडम, गोल्फ म्हणजे हिरवळीवरून रमतगमत चालायचं. त्यात दुखापत कसली?" मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि काही गोल्फ खेळणारे रुग्ण माझ्याकडे येतात हे कळले, की नाशिकमध्ये हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे बरेचदा रोज गोल्फ क्लब मैदानावर फिरायला जाणारे असतात. त्या मैदानाचे खरे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, आणि तिथे रंगतात ते रणजीचे सामने. त्यामुळे गोल्फचा फटका त्यांनी जवळून पाहिलेला नसतो.

चालण्याबद्दल ते म्हणतात ते बरोबरच आहे. १८ होलचा, म्हणजे चेंडू घालायच्या १८ खड्ड्यांचा, पूर्ण खेळ पायी केला तर किमान सहा-सात किलोमीटर चाल होते आणि ती प्रकृतीला चांगलीच असते. इजा होते ती अधूनमधून मारलेल्या सेकंदभराच्या फटक्यात. चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा, पण तो दूर जावा म्हणून वर नेलेला क्लब, म्हणजे गोल्फची काठी, सुमारे पाव सेकंदात खाली येतो आणि त्या क्षणी कंबरेच्या खालच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट दाब येतो, असे प्रयोगशाळेतल्या मोजमापात आढळले आहे. शिवाय हा दाब सरळ नसतो, पिळासकट येतो.

कंबरेचे पाच मणके पुढे-मागे वाकण्यासाठी घडलेले आहेत. वळण्याच्या बाबतीत ते सगळे मिळून १०-१५ अंशांपलीकडे जात नाहीत. वळण यायला हवे ते खाली खुब्यांतून आणि वर बरगड्या जिथे जोडलेल्या असतात त्या पाठीतून. दिवसभर खुर्चीत आणि गाडीत बसून नेमके हेच दोन भाग आखडतात, आणि मग त्यांच्या वाट्याचे वळण कंबरेला पुरवावे लागते. म्हणून माझे ठाम मत झाले आहे, की गोल्फरची कंबर दुखत असेल तर तपासणी खुब्यापासून सुरू करावी.

हे मी माझ्या एका चुकीतून शिकले. सुरुवातीच्या काळात देवळालीहून एक निवृत्त लष्करी अधिकारी आले होते. मी तीन आठवडे त्यांच्या कंबरेला शेक दिला, मशीन लावले, कंबरेचेच व्यायाम शिकवले. दुखणे थांबले, ते खेळायला गेले आणि पंधरा दिवसांत तेच दुखणे घेऊन परत आले. तेव्हा मी त्यांना पोटावर झोपवले, गुडघे काटकोनात वाकवले आणि पावले बाहेरच्या बाजूला सैल सोडायला सांगितली. उजवे पाऊल सहज चाळीसेक अंश बाहेर गेले. डावे पंधरावरच अडले. "मॅडम, दुखतेय कंबर आणि तुम्ही पाय काय बघताय?" असे त्यांनी विचारले. मी त्यांचाच हात त्यांच्या उजव्या कुल्ह्यावर ठेवला आणि डावे पाऊल आणखी जरासे बाहेर ढकलले, तसा कुल्हा पलंगावरून उचलला गेला आणि कंबर वळली. "साहेब, प्रत्येक फटक्याला हेच होतंय," एवढेच मी म्हणाले. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे सगळे वजन फटक्याच्या शेवटी डाव्या पायावर येते आणि शरीर त्या खुब्यावर फिरते. तो फिरला नाही, तर कंबरेला फिरावे लागते.

त्यानंतरचे उपचार साधे, पण चिकाटीचे होते: खुबा मोकळा करणे, कुशीवर झोपून पाठीचा वरचा भाग वळवणे, नितंबांच्या स्नायूंना ताकद देणे, एका पायावर तोल सांभाळणे. त्यांच्या प्रशिक्षकांशी बोलून उभे राहतानाच डावे पाऊल थोडे बाहेर वळवून ठेवायचे ठरले, कारण जो खुबा पूर्ण सुटणार नाही त्याला फटक्यात थोडी सवलत द्यावी लागते. खेळ मात्र टप्प्याटप्प्याने सुरू केला. आधी फक्त पटिंग, म्हणजे चेंडू हलकेच खड्ड्याकडे ढकलणे, मग छोटे फटके, मग दिवसाआड मोजके मध्यम फटके आणि सर्वांत शेवटी ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांबच्या फटक्यांचा क्लब.

कोपराचे दुखणे वेगळे. आतल्या बाजूच्या दुखण्याला 'गोल्फर्स एल्बो' म्हणतात, पण माझ्याकडे ते घेऊन येणाऱ्यांत गोल्फरपेक्षा निफाड-दिंडोरीकडची, द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीत दिवसभर कात्री चालवणारी माणसे जास्त असतात. कारण एकच आहे: घट्ट मूठ आणि मनगटाची तीच ती हालचाल. गोल्फरच्या बाबतीत चेंडूआधी जमिनीवर बसलेल्या फटक्याचा हादरा त्यात मिसळतो. यात कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, झिजलेली असते, त्यामुळे नुसत्या विश्रांतीने ती बळकट होत नाही. तिला मोजून भार द्यावा लागतो. हात टेबलावर, तळवा वर, मुठीत पाण्याची लिटरची बाटली. दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट उचलायचे आणि चार सेकंद मोजत एकट्या हाताने खाली सोडायचे. करताना थोडे दुखले तरी चालते, मात्र दुसऱ्या सकाळी दुखणे वाढलेले नसावे. याला तीन महिने लागू शकतात, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे बरे वाटते, पण तेवढ्याने कंडरेत ताकद येत नाही.

जमिनीवर जोरात फटका बसल्यावर तळहाताच्या करंगळीकडच्या भागात दुखत राहिले, तर मात्र व्यायाम करत बसू नये. क्लबच्या दांड्याचे टोक तिथल्या लहानशा हाडावर आदळून ते मोडू शकते आणि साध्या एक्स-रेमध्ये ही मोड अनेकदा दिसत नाही. सीटी स्कॅन करावा लागतो. तसेच कंबरदुखीसोबत पायातली ताकद गेली, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर माझ्याकडे न येता त्याच दिवशी थेट रुग्णालयात जावे.

आता ते साहेब डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीतही गाडीतून उतरल्या उतरल्या क्लब हातात घेत नाहीत. आधी दहा मिनिटे झपझप चालतात, क्लब खांद्यांवर आडवा धरून दोन्ही बाजूंना वळतात, एकेका पायावर उभे राहून खुबा फिरवतात आणि चेंडू न ठेवता हलके फटके मारतात. सोबतचे खेळाडू तोवर त्यांची वाट पाहत थांबतात. हल्ली त्यातले दोघे त्यांच्या शेजारी उभे राहून तेच करू लागले आहेत.