पाइप टाकणारी माणसं: आमची वाटचाल

आम्ही एसी विकत नाही. मशिन ग्राहकानं कुठूनही आणावं. खोलीतलं इनडोर युनिट आणि बाहेरचं आउटडोर युनिट यांना जोडणारे तांब्याचे दोन पाइप, त्यांवरचं आवरण, ड्रेनची नळी आणि वायर, एवढं आमचं काम. नाशिकमध्ये सातपूरच्या एका कारखान्यात मी रेफ्रिजरेशनच्या मेंटेनन्सला होतो. ती नोकरी सोडून इंदिरानगरात गाळा घेतला तेव्हा मामांनी काळजीनं विचारलं होतं, "अरे, नुसत्या पाइपवर घर चालेल का?"

तेव्हा त्यांचं विचारणं बरोबरच होतं. नाशिकची हवा अशी की उन्हाळ्यातही पहाटे पांघरूण लागायचं. एसी दिसायचा तो कॉलेज रोडच्या दवाखान्यांत, बँकांत आणि गंगापूर रोडच्या काही बंगल्यांत. २०१५च्या सिंहस्थाआधी पंचवटीतल्या लॉजची कामं मिळाली आणि हेल्परला महिन्याचा पगार देणं जमू लागलं. त्यानंतर पाथर्डी फाटा, आडगाव, म्हसरूळ या बाजूला इमारती उभ्या राहत गेल्या आणि आता दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्येही एसी मागतात.

या काळात एसीत थंडावा आणणारा गॅस बदलला, आणि आमचं काम खऱ्या अर्थानं त्यामुळे घडलं. आधीची मशिनं आर-२२ वर चालायची. तो ओझोनच्या थराला घातक, म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्यानं मागे पडला. मग आर-४१०ए आला, आणि आता घरगुती मशिनमध्ये बहुतेक आर-३२ असतो. या दोन्हींचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त. शिवाय त्यांच्याबरोबर कॉम्प्रेसरमध्ये जे तेल असतं ते हवेतली ओल पटकन ओढून घेतं. पूर्वी खपून जायची तशी जोडणी या दाबापुढे टिकत नाही.

म्हणून आमच्याकडे नवा मुलगा आला की त्याला आधी फ्लेअर, म्हणजे पाइपचं तोंड फुलवून नटानं जोडणं, शिकवतो. पाइप हॅक्सॉनं कापायचा नाही, कटर हळूहळू आवळत फिरवायचा. आत जी बर, म्हणजे कापल्याची धारदार कड, उभी राहते ती रीमरनं काढायची, आणि त्या वेळी पाइपचं तोंड खाली धरायचं, म्हणजे तांब्याचा कीस आत न जाता जमिनीवर पडतो. हा कीस पुढे कॅपिलरीत, म्हणजे गॅसचा दाब उतरवणाऱ्या बारीक नळीत, अडकू शकतो. नट आधी ओवायचा, मग तोंड फुलवायचं. फुललेली कड आरशासारखी गुळगुळीत हवी, कुठे चीर दिसली तर तो तुकडा कापून टाकून नव्यानं करायचं. नट आवळताना टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानंच आवळणारा पाना, लागतोच. पाव इंची नटाला साधारण १५ ते १८ न्यूटन-मीटर पुरतात. "दादा, अजून थोडं आवळू का?" असं मुलं विचारतात. जास्त आवळलं की तांबं पातळ होऊन तडकतं, आणि ते कधी कधी उन्हाळा संपता संपता कळतं. आम्ही ०.८ मिलिमीटर जाडीचा पाइप वापरतो. त्याहून पातळ पाइप वळणावर चेपतो. एकदा वाकवलेलं तांबं कडक होतं, त्यामुळे तेच वळण पुन्हा सरळ करून वापरायचं नाही. जुन्या नाशकात भांडी घडवणारे तांबट ठोकून कडक झालेलं तांबं परत भट्टीत घालून मऊ करतात. आमच्या पाइपला भिंतीवर ती सोय नसते.

जोडणीनंतर नायट्रोजन भरून दाबाची परीक्षा आणि मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपानं आतली हवा आणि ओल ओढून काढणं. बाजारात वेळ वाचवायला थोडा गॅस सोडून पाइपमधली हवा हाकलून देतात. आम्ही हे कधीच केलं नाही, करणारही नाही. हवा कदाचित निघून जाते, ओल जात नाही, आणि आर-३२ थोडा ज्वलनशील असल्यानं खोलीत सोडणं धोक्याचंही आहे. पंप लावून दाब ५०० मायक्रॉनच्या (अगदी कमी दाब मोजायचं एकक) खाली न्यायचा. इतक्या कमी दाबात पाइपमधलं पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि पंपातून बाहेर पडतं. मग पंप बंद करून काही वेळ आकडा स्थिर राहतो का ते पाहायचं. यात नाशिकची एक गोष्ट नव्या फिटरला सांगावी लागते. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहोत, इथे हवेचा दाबच कमी. साध्या काट्याचा गेज मुंबईत ३० इंचाजवळ जातो, तो इथे २८च्या आसपास थांबतो. पंप खराब झाला असं समजून उगाच बेजार होऊ नये. म्हणूनच मायक्रॉन गेज घेतला, त्याचा आकडा बाहेरच्या हवेच्या दाबावर अवलंबून नसतो.

आवरणाबद्दल ग्राहकांशी सगळ्यात जास्त वाद होतो. "जाड पाइपलाच गुंडाळा, बारीकला कशाला?" बहुतेक घरगुती स्प्लिटमध्ये, म्हणजे अशा दोन भागांच्या एसीत, गॅसचा दाब उतरवणारी कॅपिलरी किंवा व्हॉल्व्ह आउटडोरमध्येच असतो, त्यामुळे बारीक पाइपही थंड असतो आणि पावसाळ्यात त्यावरही पाणी धरतं. दोघांना वेगवेगळं नायट्रिल रबर हवं. उन्हात राहणाऱ्या भागावर वरून टेप लागते, नुसता फोम लवकर भुगा होतो.

आमचा दर या सगळ्यामुळे बाजारापेक्षा थोडा जास्त असतो. हिशेब सौ. पाहते. तिनं पहिल्यापासून बिलावर पाइपची लांबी आणि जाडी वेगळी लिहायला लावली, आणि एका बिलावरून शेजारच्या फ्लॅटचं काम येऊ लागलं. कंपनीनं भरलेला गॅस ठरावीक लांबीपुरताच असतो. त्यापुढच्या प्रत्येक मीटरला किती ग्रॅम घातले तेही आम्ही बिलावर लिहितो.

गेली काही वर्षं बिल्डर प्लास्टरच्या आधीच बोलावतात. भिंतीत पाइप पुरायचा तर मध्ये जोड चालत नाही, एका तुकड्यात न्यावा लागतो. दोन्ही तोंडं दाबून ब्रेझिंगनं, म्हणजे वितळलेल्या धातूच्या सांध्यानं, बंद करतो, नाहीतर मशिन येईपर्यंत महिनोन्‌महिने आत सिमेंट आणि ओल जाते. ब्रेझिंग करताना आतून नायट्रोजन सोडतो, त्यामुळे पाइपच्या आत काळी पापडी धरत नाही. प्लास्टर होण्याआधी मोजायची टेप लावून फोटो काढतो, जमिनीपासून किती आणि खिडकीपासून किती ते त्यात दिसतं. फ्लॅटचा ताबा मिळतो त्या दिवशी हे फोटो घरमालकाच्या मोबाइलवर पाठवतो. कपाट किंवा देवघर बसवायला सुतार येईल, त्याला ड्रिल लावण्याआधी ते दाखवायचे.