आमची वाटचाल: ग्राफीन बनवणं सोपं, धुणं अवघड

२००४ साली मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्राफाइटचा एकच थर सोलला. एका अणूच्या जाडीचा हा कार्बनचा थर म्हणजे ग्राफीन. २०१० साली त्यांना नोबेल मिळालं आणि जो तो ग्राफीन विकायला निघाला. आमच्या भोसरीच्या गाळ्यात सुरुवात झाली ती २० लिटरचा दुहेरी भिंतीचा काचेचा रिॲक्टर, चिलर, टेफ्लॉनच्या पात्यांची ढवळणी आणि गरगर फिरवून गाळ वेगळा करणारा एक जुना सेंट्रीफ्यूज यांवर. तो सेंट्रीफ्यूज आजही चालतो.

आम्ही आधी ग्राफाइटचं ग्राफीन ऑक्साइड करतो. पद्धत हमर्स या रसायनशास्त्रज्ञाची, १९५८ ची. सोडियम नायट्रेट तेवढं आम्ही वगळलं, कारण त्यातून नायट्रोजनचे विषारी वायू सुटतात. १०० ग्रॅम ग्राफाइटला २.३ लिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि ३०० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट. परमँगनेट चमच्याचमच्याने, तापमान २० अंशांच्या आत ठेवून. घाई केली की आम्लात हिरवं मँगनीज हेप्टॉक्साइड साठतं, आणि ते ५५ अंशांच्या आसपास स्फोट घडवतं. चिलर बंद पडला तर परमँगनेट लगेच थांबवायचं, ढवळणं मात्र थांबवायचं नाही. नंतर ३५ अंशांवर लगदा घट्ट होत जातो. मोटर हलकी असेल तर ढवळणी इथेच अडकते. मग बर्फाचं पाणी, मग हायड्रोजन पेरॉक्साइड. रंग पिवळा झाला की उरलेलं परमँगनेट संपलं.

इथवर कोणीही पोचतो. अवघड आहे ते पुढचं धुणं. आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवायचं, म्हणजे मँगनीज आणि पोटॅशियमचे क्षार निघतात. नंतर पाण्याने. पण आम्ल जसं कमी होतं तसे पापुद्रे पाणी पिऊन फुगतात, त्यांची खळ होते आणि गाळणकापड बुजतं. त्यामुळे शेवटचे हात सेंट्रीफ्यूजवर. आमच्याकडे रासायनिक प्रक्रियेला एक दिवस लागतो, धुण्याला आठवडा.

हाच आठवडा एकदा दोन दिवसांवर आणला आणि धंदा जवळजवळ बुडाला. ऑर्डर मोठी होती, तारीख जवळ होती. अर्धवट धुतलेला माल ओव्हनमध्ये १२० अंशांवर वाळत घातला. ग्राफीन ऑक्साइडमध्ये पोटॅशियमचे क्षार राहिले की ते भयंकर ज्वालाग्राही होतं. एका कोपऱ्यात ऑक्सिजनचे गट सुटायला लागले की उष्णता पुढच्या थराला पेटवत जाते. दार उडालं, सगळ्या मालाचा काळा भुस्सा झाला. माणसं सुखरूप राहिली, पण पुढचे आठ महिने उधारीवर गेले. तेव्हापासून आमच्याकडे काहीही ५० अंशांच्या वर वाळत नाही, आणि जमेल तिथे वाळवतच नाही.

याच आठ महिन्यांत आमचं गिऱ्हाईक एका पुरवठादाराने नेलं. भाव आमच्या निम्म्याहून कमी. त्याची पावडर म्हणजे बारीक दळलेलं ग्राफाइट, बाकी काही नाही. २०१८ साली सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या गटाने जगभरच्या ६० उत्पादकांचे नमुने तपासले. बहुतेकांत खरं ग्राफीन १० टक्क्यांहून कमी निघालं. ते वाचून आम्हाला आश्चर्य वाटलं नाही, संताप आला. अशी पावडर वापरून रंग फसला की दोष ग्राफीनच्या माथी येतो, आणि दार आमच्यासाठीही बंद होतं.

नंतरची वर्षं सुरळीत गेली.

शिरोली एमआयडीसीतले रंगवाले साहेब मात्र त्या वाईट काळातही आमच्यासोबत राहिले. इपॉक्सी प्रायमरसाठी, म्हणजे लोखंड गंजू नये म्हणून देतात त्या पहिल्या लेपासाठी, ते अजून आमचीच पेस्ट घेतात. ॲस्कॉर्बिक आम्लाने ऑक्साइड क्षपित करून आम्ही ती ओलीच देतो, कारण वाळवली की पापुद्रे पुन्हा एकमेकांवर बसतात आणि सुटत नाहीत. पाण्याच्या जागी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणायचं, रेझिनमध्ये मिसळायचं, तीन रोलच्या मिलवर फिरवायचं, मग निर्वातात अल्कोहोल पूर्ण काढायचं. ते राहिलं तर फिल्म मऊ पडते. प्रत्येक फेरीनंतर हेगमन गेजवर (कण किती बारीक झाले ते दाखवणाऱ्या खाचेच्या पट्टीवर) ओढून बघायचं, ही शिस्त आम्हाला त्यांनीच लावली.

आता घेणाऱ्यांना थोडं सांगतो. एकाच ठिकाणचा रामन आलेख (लेझरचा प्रकाश टाकून काढलेला) घेऊ नका, निदान दहा पापुद्र्यांचे मागा. त्यातली १५८० जवळची ‘जी’ (G) नावाची रेघ नुसत्या ग्राफाइटलाही असते. २७०० जवळच्या ‘टू-डी’ (2D) रेघेचा आकार बघा, त्यावरून थरांचा अंदाज येतो. दहाहून जास्त थर असतील तर ते ग्राफाइटच. जाळल्यावर राख किती उरते ते विचारा. मँगनीज त्यातच सापडतं. रंगातलं ग्राफीनचं प्रमाण ०.१ टक्क्यापासून सुरू करा. जास्त घातलं तर गुठळ्या होतात, आणि पापुद्रे एकमेकांना चिकटून लेप विजेचा वाहक झाला तर ओरखड्याखालचं लोखंड आणखी वेगाने गंजतं, कारण कार्बन लोखंडापेक्षा निष्क्रिय आहे. अल्ट्रासॉनिक (ध्वनिकंपनाच्या) यंत्रात तासन्‌तास ठेवू नका, पापुद्रे तुटून लहान होतात. आणि पेस्ट फ्रीझरमध्ये टाकू नका. बर्फाचे स्फटिक पापुद्र्यांना दाबून गठ्ठा करतात, तो मग ढवळून मोकळा होत नाही.