टिक नाही, एक

२०२५ च्या ऑक्टोबरात एका रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात धाकटे भाऊजी आले. "वहिनी, नमुना एकोणीस काढून द्या नं एक." नमुना एकोणीस म्हणजे शिक्षक मतदार म्हणून नाव नोंदवायचा अर्ज. शाळेत लागून त्यांना तेव्हा चार वर्षं झाली होती. विधान परिषदेच्या अमरावती विभाग शिक्षक मतदारसंघात ते पहिल्यांदाच मतदार होणार होते. मी प्रिंट काढली. त्यांनी ती हातात धरली आणि थोडं थांबून म्हणाले, "ह्या वेळी बाद नाही होऊ द्यायचं."

मला लगेच कळलं ते कशाबद्दल बोलत होते. पावणेतीन वर्षं झाली होती, पण आधीच्या निवडणुकीत बाद झालेलं ते मत त्यांच्या मनातून गेलेलं नव्हतं. माझ्याही नाही.

कारंज्यात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात अमरावती पदवीधर मतदारसंघासाठी नावनोंदणी सुरू झाली, तेव्हा मी कितीतरी लोकांचे नमुना १८ भरून दिले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच: "यादीत नाव आहे नं माझं, मंग परत काहून?" त्यांना नीट समजावून सांगावं लागायचं. विधानसभेची यादी वेगळी, ही वेगळी. ही यादी दर निवडणुकीला कोऱ्या कागदापासून नवी करतात. मागच्या वेळी तुम्ही मत दिलं असेल, तरी या वेळी अर्ज केला नाही तर नाव नाही. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरच्या आधी पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली हवीत. सोबत पदवीची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत. म्हणजे सहीसाठी राजपत्रित अधिकारी शोधा, साहेब जागेवर नसले तर परत या. शेतात कापूस वेचणीला आलेला असताना माणूस एवढं करत नाही. मी त्याला दोष देणार नाही.

मी केलं. माझं बी. ए. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून झालं, २०१८ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. रविवारचे वर्ग, दुकानाच्या काउंटरवर केलेला अभ्यास आणि एका पेपराच्या दिवशी तापाने फणफणलेला मुलगा. माहेरी आणि सासरी मिळून पदवी घेतलेली पहिली बाई मी. म्हणून त्या नमुना १८ मध्ये 'शैक्षणिक अर्हता' या रकान्यात मी जे लिहिलं, ते दोनदा वाचून मगच अर्ज दिला.

३० जानेवारी २०२३, सोमवार. भाऊजी आणि मी एकाच गाडीवर गेलो. आत मशीन नव्हतं, कागदाची मतपत्रिका होती. वीसहून जास्त नावं, प्रत्येक नावासमोर पसंतीक्रमाचा रकाना, आणि लिहायला जांभळ्या शाईचं स्केच पेन. हे पेन आयोगच देतो. स्वतःच्या पेनाने लिहिलेलं चालत नाही. मी पहिल्या पसंतीच्या माणसासमोर १ काढला, मग २, मग ३. हात जरा थरथरत होता हे खरं.

घरी येताना चौकात चहाला थांबलो. मी विचारलं, "तुम्ही दुसरी पसंती दिली का?" भाऊजी म्हणाले, "कोणती दुसरी? मी तर बरोबरची खूण केली नं एकासमोर." आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. एम. एस्सी., बी. एड. झालेला माणूस. बाहेर सूचना लावलेली होती, त्यांनी वाचली नाही. अठराव्या वर्षापासून बटण दाबून मत दिलेलं, शाळेत उत्तरपत्रिकांवर रोज बरोबरच्या खुणा करणारा हात. कागद समोर आला आणि हाताने सवयीचं तेच केलं.

नियम कडक आहे. पहिल्या पसंतीचा आकडा नसेल तर मतपत्रिका बाद. दोन नावांसमोर १ लिहिला तरी बाद. आकडा देवनागरी चालतो, इंग्रजी चालतो, रोमनही चालतो, पण अक्षरांत 'एक' लिहिलेलं चालत नाही. सही केली, नाव लिहिलं, मतदार ओळखू येईल अशी काही खूण केली, तरी बाद. मात्र फक्त १ लिहून बाकीचे रकाने कोरे ठेवले तर मत वैध असतं. १ मात्र लागतोच.

मोजणी २ फेब्रुवारीला अमरावतीला सुरू झाली. इतर मतदारसंघांचे निकाल येत गेले, आमचा येईना. रात्रभर मोबाइलवर बघत होते. दुसऱ्या दिवशी निकाल लागला: काँग्रेसचे धीरज लिंगाडे ४६,३४४, भाजपचे डॉ. रणजित पाटील ४२,९६२. फरक ३,३८२. आणि बाद मतं? आठ हजारांहून जास्त.

मी हे आकडे कागदावर लिहून कितीतरी वेळ बघत बसले. कोण निवडून आलं हा माझा मुद्दा नाही. माझ्या घरातच दोन्हीकडचे लोक आहेत. पण अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम अशा पाच जिल्ह्यांतले हजारो पदवीधर अर्ज भरून, रांगेत उभे राहून, मत देऊन आले आणि त्यांचं मत गठ्ठ्यात गेलंच नाही. फरकाच्या दुपटीहून जास्त. त्या मतांमध्ये निकाल कुठे झुकला असता ते कोणीच सांगू शकत नाही, आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

निकालाला इतका वेळ का लागला, तेही लोक मला अजून विचारतात. एका जागेची निवडणूक असेल तर वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त, एवढा कोटा लागतो. इथे तो सुमारे ४७ हजारांचा होता. पहिल्या पसंतीत कोणीच तिथे पोचलं नाही. मग सगळ्यांत कमी मतं असलेल्याला बाद करायचं, त्याचे गठ्ठे सोडायचे आणि प्रत्येक कागदावर २ कोणासमोर आहे ते बघून तो कागद त्या माणसाच्या गठ्ठ्यात टाकायचा. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. ज्या कागदावर पुढची पसंतीच नाही, तो तिथेच संपतो. असे बरेच कागद संपले, म्हणून तर लिंगाडे कोट्याच्या थोडं अलीकडेच राहून निवडून आले. दुसरी पसंती म्हणजे आपल्या माणसाशी दगाबाजी, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. तुमची पहिली पसंती रिंगणात आहे तोवर दुसरीकडे कोणी बघतसुद्धा नाही.

"एवढा खटाटोप कशासाठी? विधान परिषद म्हणजे पडलेल्यांची सोय," असं दुकानात रोज कोणीतरी म्हणतं. त्यांना मी माझ्या आजीचं सांगते. माझं माहेर जालना जिल्ह्यातलं. बहात्तरच्या दुष्काळात आजीने रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले, त्यातच माझ्या वडिलांना वाढवलं. मागेल त्याला काम मिळालं पाहिजे हा विचार सरकारच्या गळी उतरवणारे वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली. त्या सभागृहातल्या एका माणसाचं डोकं नीट चाललं, म्हणून कितीतरी घरांत चूल पेटली. आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, प्रा. बी. टी. देशमुखांचं नाव आजही आदराने घेतात. अमरावती पदवीधरमधून ते वर्षानुवर्षं निवडून जायचे आणि विदर्भाच्या अनुशेषाचे आकडे सभागृहात मांडायचे. अशी माणसं तिथे जावीत असं वाटत असेल तर ती आपणच पाठवायची आहेत. ७८ पैकी फक्त ७ पदवीधरांतून आणि ७ शिक्षकांतून. आमदार ३० निवडतात, स्थानिक संस्थांचे सदस्य २२, राज्यपाल १२ नेमतात. सामान्य माणसाच्या हाती या चौदाच जागा.

त्यातही एक गोष्ट मला पटत नाही. माझी नणंद जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. तिला शिक्षक मतदारसंघात मत नाही, कारण हा मतदारसंघ माध्यमिक आणि त्यावरच्या शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांचा. पहिलीच्या पोराला १ हा आकडा काढायला शिकवते ती, आणि शिक्षक म्हणून मत द्यायचा अधिकार तिलाच नाही. हे बदललं पाहिजे. तिने पदवीधर म्हणून तरी नाव नोंदवावं, म्हणून मी तिच्या मागे लागले आहे, पण आमच्या पदवीधरची पुढची निवडणूक आता २०२९ च्या सुमारासच.

तर भाऊजींचा अर्ज. गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवल्याचा दाखला लागतो, तो मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा. त्यांच्या दाखल्यावर सही होती, शिक्का नव्हता. मी तो परत दिला. मग वाया गेलेल्या प्रिंटच्या पाठीमागे पाच रेघा मारल्या, रेघांवर घरातल्या पाच जणांची नावं लिहिली आणि पोराच्या कंपासमधलं जांभळं स्केच पेन त्यांच्या हातात दिलं. "द्या मत." त्यांनी मामींच्या नावासमोर १ लिहिला, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या. माझ्यासमोर २. तिसरा लिहिताना थांबले आणि म्हणाले, "इथं थांबलं तर चालतं नं?"

"चालतं. पण पुढचं लिहिलं तर कागद जास्त वेळ जिवंत राहतो."

त्यांनी पाचही आकडे लिहिले. तो कागद मी काउंटरच्या काचेखाली ठेवला आहे, येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला दाखवते. अर्ज ६ नोव्हेंबर २०२५ पर्यंत घेत होते. तोवर दुकान रात्री नऊपर्यंत उघडं ठेवलं. दाखल्यावर शिक्का आहे का ते शाळेतून निघतानाच बघा. नमुना १९ च्या प्रिंटचे आणि झेरॉक्सचे पैसे मी घेत नाही.