सही असलेलं कार्ड आधी तपासून घ्यावं का?

लेकाची बेसबॉल कार्डं विकायची आहेत. आज अख्खी दुपार इथे न्यू जर्सीत डायनिंग टेबलावर भिंग आणि टॉर्च घेऊन बसले होते.

खरा जीव अडकलाय तो केन ग्रिफी ज्युनिअर या बेसबॉलपटूच्या कार्डात. १९८९ सालचं, अप्पर डेक कंपनीचं रूकी कार्ड (म्हणजे खेळाडूच्या पदार्पणाच्या काळातलं), त्या संचातलं १ नंबरचं. निळ्या मार्करची सही ठसठशीत आहे, कुठेही फिसकटलेली नाही. पण वरचा डावा कोपरा पांढरा पडलाय. त्या काळात अशी कार्डं भरमसाट छापली गेली, त्यामुळे कार्डाच्या ग्रेडसाठी, म्हणजे ते किती चांगल्या स्थितीत आहे याच्या गुणांसाठी, पैसे घालण्यात मला अर्थ वाटत नाही. सहीची गोष्ट मात्र वेगळी. १९९०च्या दशकात अमेरिकेत खोट्या सह्यांचा एवढा सुळसुळाट झाला की एफबीआयला 'ऑपरेशन बुलपेन' हाती घ्यावं लागलं. मग अनोळखी गिऱ्हाइकाने नुसत्या माझ्या शब्दावर विश्वास का ठेवावा? पीएसए या कार्डं-सह्या तपासणाऱ्या कंपनीकडे कार्डाला ग्रेड न देता फक्त सही तपासून, तिलाच १० पैकी ग्रेड देऊन सीलबंद करून मिळतं. ग्रिफीचं तेच करणार, ठरलं!

पाकिटातूनच सहीसकट निघालेली कार्डं आहेत तशीच विकेन. त्यांच्या पाठीवर कंपनीनेच सहीची हमी छापलेली असते. किरकोळ खेळाडूंच्या सह्यांना तर तपासणीची फीसुद्धा वसूल होणार नाही.

सोमवारी पाठवतेय. पार्सलचा विमा किती रकमेचा काढावा, कुणी सांगेल का?